फोटोंच्या पाठीवरची अक्षरं

इन्शिराह माझ्या खालच्या मजल्यावर राहते. पोर्ट सईदच्या अरब मोहल्ल्यात आमची ही इमारत, लाकडी सज्ज्यांची, समुद्राचं वारं सुटलं की रात्रंदिवस कुरकुरणारी. आम्ही दोघी तेवीस वर्षं एकाच मुलींच्या शाळेत होतो. मी अरबी शिकवायचे, ती प्रयोगशाळा सांभाळायची. मी निवृत्त झाले, ती अजून जाते. या तेवीस वर्षांत तिच्या हातून एक परीक्षानळी फुटलेली मला आठवत नाही. पोरी तिला घाबरायच्या नाहीत, पण तिच्यासमोर काचेला हात लावताना हळू व्हायच्या.

ही गोष्ट घडली तेव्हा कागदावर ती पंचावन्नची होती. दिसायची मात्र बरीच लहान. शाळेत हा कायमचा विनोद. आमच्या मुख्याध्यापिका म्हणायच्या, "इन्शिराह, तुझ्या आईनं तुला व्हिनेगरमध्ये घालून ठेवलं होतं का गं?" ती हसायची. पहिलीत असल्यापासून हेच ऐकत आले म्हणायची. वर्गात वयानं सगळ्यात मोठी आणि रांगेत सगळ्यात पुढे उभी राहणारी, कारण उंचीनं सगळ्यात लहान. इस्रायलशी चाललेल्या लढाईच्या दिवसांत आमचं सगळं शहरच गाव सोडून गेलं होतं, पोरांची वर्षं वाया गेली होती, त्यामुळे उशिरा शाळेत आली याचं कुणाला नवल वाटलं नाही.

तिच्या लग्नात मात्र हे वय आडवं आलं. नवरा, हिल्मी, तो आता नाही, कागदावर तिच्याहून वर्षभरानं लहान. सासूनं होकार दिला, पण दहा वर्षं सून म्हणून हाक मारली नाही. "आमची म्हातारी कोंबडी" म्हणायची, पाहुण्यांसमोरसुद्धा. इन्शिराहची आई तफीदा समोर बसलेली असायची. चहा पीत राहायची, एक शब्द बोलायची नाही. मला तेव्हा तफीदाचा राग यायचा.

त्या घरात फोटो फार. कारण तिचा बाप. बय्यूमी बंबूती होता. सुवेझ कालव्यात जहाज थांबलं की होडी घेऊन त्याच्या पोटाला चिकटायचं, वर दोर फेकायचा आणि टोपलीतून खलाशांना चामड्याचे उंट, शिंपल्यांच्या पेट्या विकायच्या. पैसे नसले तर अदलाबदल. पासष्ट साली एका ग्रीक खलाशानं दोन उंट घेऊन त्याला कॅमेरा दिला. बय्यूमीला पाच भाषा बोलता यायच्या, लिहिता एकही येत नव्हती. म्हणून फोटो तो काढायचा आणि पाठीमागे लिहायची तफीदा. ती चौथीपर्यंत शिकली होती. शाईची पेन्सिल जिभेवर ओली करून ती लिहायची आणि फोटो अल्बमच्या कप्प्यात दोन-दोन, पाठीला पाठ लावून सरकवायची. एकदा आत गेला की पाठ पुन्हा कुणी बघायचं नाही.

बय्यूमी अठ्ठ्याऐंशी साली गेला. तफीदा गेली त्यालाही आता चार वर्षं होत आली होती. अल्बम आणि डबे इन्शिराहच्या कपाटात आले.

दोन हजार बावीसच्या जानेवारीत तिची मुलगी माही कुवेतहून दोन आठवड्यांसाठी आली ती एक स्कॅनर घेऊन. पावाच्या डब्याएवढं यंत्र. वरून फोटो लावायचे, ते एकामागून एक गिळत जाणार, सेकंदाला एक, आणि खालून बाहेर टाकणार. लॅपटॉपवर चित्र उमटलेलं. माहीला घाई होती. आर्द्रतेनं फोटो चिकटायला लागले होते, काहींवर बुरशीचे ठिपके होते.

मी वरून कोबीच्या पानांत भात भरलेले दोल्मे घेऊन गेले तेव्हा जेवणाच्या टेबलावर मेणकापड काढून त्यांचं काम चाललं होतं. इन्शिराह प्रत्येक फोटो सुती फडक्यानं पुसून देत होती.

"मम्मा, आंघोळ घालू नकोस त्यांना. नुसते दे."

"तू तुझं यंत्र बघ. त्या काचेवर गोंद लागलाय, प्रत्येकाच्या नाकावरून काळी रेघ चाललीय."

माहीनं पाहिलं. खरंच, गेल्या साठ फोटोंवर एक काळी उभी रेघ होती. इन्शिराहनं आतून स्पिरिट आणलं, यंत्राचं झाकण उघडलं आणि शाळेतल्या भिंगासारखी ती काचेची पट्टी पुसली. साठ फोटो पुन्हा घातले.

ते यंत्र फोटोच्या दोन्ही बाजू एकदम टिपायचं. माही म्हणाली, पाठीची बाजू बंद करते, उगाच जागा खाते. इन्शिराह म्हणाली, "राहू दे. आईचं अक्षर आहे." मग थोडा वेळ आम्ही पाठीच वाचत बसलो. 'शौकी, नवा सदरा, तिसरं बटण नाही.' 'माझी नणंद, रागावलेली, कारण मासा करपला.' तिघी हसलो. शौकी म्हणजे इन्शिराहचा थोरला भाऊ. ती त्याला अबीह म्हणते, मोठ्या भावाला आमच्याकडे मानानं म्हणतात तसं.

पाच दुपारांत चार डबे आणि सहा अल्बम संपले. दोन हजारांवर फोटो. एवढ्या वेगात कोण काय बघणार? माही कुवेतला परतली. जाताना सांगून गेली की आता सावकाश एकेका फोटोला नाव आणि साल दे, म्हणजे मला तिकडे सापडतील.

इन्शिराह दोनला शाळेतून यायची, जेवायची आणि बसायची. चौथ्या दिवशी दुपारी तिनं जिन्यातून हाक मारली. "अब्ला रईफा, जरा खाली येता?" शिक्षिकेला आमच्याकडे अब्ला म्हणतात, ती मला अजून तशीच हाक मारते.

मी गेले. भात तसाच ताटात होता. पडद्यावर एका शाळेचं अंगण. दोऱ्यांवर घोंगड्या वाळत घातलेल्या. तफीदा उभी, तरुण, एक हात पोटावर. पोट दिसण्याइतकं मोठं. दुसऱ्या हाताला तीनेक वर्षांची मुलगी, चौकड्यांचा झगा, एका पायात बूट, दुसरा पाय उघडा.

आता ही बुटाची गोष्ट आम्ही सगळ्यांनी ऐकलेली होती. शहर रिकामं झालं तेव्हा तफीदाचं कुटुंब मंझला तलावातून लाँचनं पलीकडे आणि पुढे मीत शरीफ गावी गेलं. काठाला पाय टेकताना इन्शिराहचा लाल बूट पाण्यात पडला, ती ओरडत राहिली आणि कुणी थांबलं नाही. ही तिची पहिली आठवण. शाळेत दर ऑक्टोबरला, लढाईची आठवण काढतात तेव्हा, पोरींना सांगायची. पाण्यावर तो बूट कसा आधी होडीसारखा तरंगला आणि मग टाच खाली करून गेला, ते हातानं दाखवायची.

"ही मी," ती म्हणाली. "बघा, एक पाय उघडा."

"हो की."

"आता पाठ बघा."

तिनं बटण दाबलं. जांभळी अक्षरं: 'मी, इन्शिराह आणि येणारं बाळ. मीत शरीफ, ऑक्टोबर १९६९.'

"आम्ही दोघंच, अब्ला. अबीह आणि मी. हे येणारं कोण?"

मी म्हटलं, "पोटातच गेलं असेल गं. त्या दिवसांत शाळांच्या वर्गांत माणसं राहत होती, कुणाचं काय झालं कोण सांगतंय."

"मलाही तसंच वाटलं. मग हा सापडला."

दुसरा फोटो. तीच भिंत. तफीदा बसलेली, वाळलेली, डोळे कॅमेऱ्याकडे नाहीत. मांडीवर तान्हं मूल. बाजूला शौकी, मुंडण केलेला. पाठीवर: 'इन्शिराह, चाळीस दिवसांची. मार्च १९७०.'

"साल चुकलं असेल तिचं," मी म्हणाले.

"माझी आई सदऱ्याचं बटण चुकवत नाही."

मग ती दाखवत गेली आणि मी बघत गेले. सत्तरच्या आधीची इन्शिराह अकरा फोटोंत होती. समुद्रावर, 'तिचा दुसरा उन्हाळा'. सज्ज्यात, मांजरासोबत. सत्तरनंतरची इन्शिराह पुढे शेकडो फोटोंत. चौकड्यांचा झगा दोघींच्या अंगावर होता, चार वर्षांच्या अंतरानं. कानातले तेच. आणि पंचाहत्तर साली शहरात परत आल्यावर बापानं तिला लाटा फोडायच्या दगडी बांधावर जिथे उभं केलं होतं, तिथेच, त्याच दगडावर, हात तसाच वर धरून सत्तरच्या आधीची ती पहिली इन्शिराह उभी होती. तिनं दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली होती.

"मला आठवतंय तो दिवस," ती म्हणाली. "आई मागून सांगत होती, हात वर कर, अजून वर, तसा नाही. मी विचारलं, कसा? तर ती रडायला लागली. मला वाटलं मी काही चुकले."

मी लॅपटॉप मिटायला गेले. तिनं माझा हात धरला.

"नाव द्यायला बसले होते ना मी. तिचे वेगळे करावे म्हटलं. एक कप्पा केला, इन्शिराह. दुसरा करायला गेले तर यंत्र म्हणतं, या नावाचा एक आधीच आहे, दुसरं नाव द्या."

ती हसली. ते हसणं मला आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली नाही. पलीकडे पोर्ट फुआदला जायच्या फेरीबोटीत बसली आणि मलाही घेऊन गेली. शौकी त्याच फेरीबोटीवर तीस वर्षं होता, सुकाणूवर. निवृत्त झाला तरी धक्क्यासमोरच्या चहावाल्याकडे बसून बोटी मोजतो. बहिणीला बघून त्यानं खुर्ची पुढे केली.

"शाळा नाही का? की पोरींनी प्रयोगशाळा उडवली?"

तिनं एका बुटातल्या मुलीचा तो फोटो मोबाइलवर काढून त्याच्यासमोर धरला. त्यानं चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिला.

"कुठे मिळाला?"

"घरीच होता, अबीह. पन्नास वर्षं."

"तिनं ठेवला होता?" तो म्हणाला. "मला वाटलं, तिनं फाडला."

"ही कोण?"

"इन्शिराह."

"मग मी कोण?"

शौकीनं चहावाल्याला उगाच हात केला. पेला आला, त्यानं घेतला नाही. तो कालव्याकडे बघत बोलायला लागला.

"मी नऊ वर्षांचा होतो. मीत शरीफच्या शाळेत आम्ही एका वर्गात चार कुटुंबं, मधे चादरी. नोव्हेंबर संपता संपता तिला ताप आला. तीन दिवस. बाबा मन्सूराला डॉक्टर आणायला गेले, परत आले तेव्हा झालं होतं. तिथली एक बाई होती, उम्म बदीआ. तिनं त्यांच्या घरच्या थडग्यात जागा दिली. आमचं कोण होतं तिथे? आई रडली नाही. बोललीच नाही. अडीच महिने, एक शब्द नाही. मी मुद्दाम भांडी पाडायचो, ओरडेल म्हणून."

"पुढे."

"फेब्रुवारीत तू झालीस. सुईण म्हणाली मुलगी. आईनं तुला घेतलं आणि म्हणाली, 'इन्शिराह, किती वेळ लावलास गं.' तो पहिला शब्द."

फेरीबोट धक्क्याला लागली. माणसं उतरली, सायकली, माशांच्या टोपल्या. गर्दी जाईपर्यंत तो थांबला.

"बाबा तुझं नाव नोंदवायला निघाले. आईनं जुना दाखला पुढे केला. पोर्ट सईदचा, डिसेंबर सहासष्टचा. म्हणाली, हिचा कागद आहे की. बाबांनी खूप समजावलं. मग तेही खाली बसले. पहिलीचं जाणं कुठे लिहिलं गेलं नव्हतं. तुझं येणंही लिहिलं नाही. मला आईनं कुराणावर हात ठेवायला लावला. आत्येला माहीत होतं, ती गेली. राहिलो मी."

"आई जाऊन चार वर्षं झाली."

"दर ईदला सांगायचं ठरवून येतो. तू गोड कुनाफा पुढे ठेवतेस. काय सांगू? की सरकारच्या वहीत तू नाहीस?" त्यानं हसायचा प्रयत्न केला. "बायका वय चोरायला काय काय करतात. तुझी तीन वर्षं देवानं आपणहून परत दिली."

"माझी सासू दहा वर्षं मला म्हातारी कोंबडी म्हणत होती," इन्शिराह म्हणाली. "मी हिल्मीपेक्षा दोन वर्षांनी लहान होते, अबीह. आई समोर बसून चहा प्यायची."

शौकीनं पेला दूर सारला. तो म्हणाला, "तो बूट मी पाण्यात बघितलाय. मी शेजारी होतो. तू सांगायचीस तेव्हा मी उठून जायचो, आठवतंय? तू अगदी बरोबर सांगायचीस."

त्यानंतरचे दोन महिने तिचे वाईट गेले. कामात ती होती तशीच होती, पण घरात तिला एकटीला बसवेना. बूट बुडताना तिला अजून दिसत होता. आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकलेलं डोळ्यांनी पाहिल्यासारखं होऊन बसलं होतं आणि आता ते काढून टाकता येत नव्हतं. अशी आणखी किती असतील, याचा ती हिशेब लावत राहायची. काळ्या मांजराची भीती तिची की पहिलीची? भेंडी आवडत नाही ती कुणाला? लहानपणी ताप आला की आई रात्रभर छातीवर हात ठेवून बसायची. नोव्हेंबर अखेरीस दर वर्षी तिला न्हाऊमाखू घालून, केस विंचरून समोर बसवायची आणि नुसती बघत राहायची. एकदा ती मला म्हणाली, "अब्ला, एवढं प्रेम कुणाच्या आईनं केलं नसेल, असं मी सगळ्यांना सांगत आले. ते माझ्यावर होतं का, एवढंच मला कुणीतरी सांगा."

एका वकिलाला विचारलं. तो म्हणाला, खटला होईल, साक्षीदार एक भाऊ, आणि निकाल लागला तर नोकरी, निवृत्तिवेतन, लग्नाचा दाखला, मुलीचे कागद, सगळं पुन्हा. शिवाय आधी स्वतःच्या मृत्यूची नोंद करावी लागेल. तो हे सहज बोलून गेला. तिनं पर्स उचलली आणि बाहेर आली.

माहीला फोनवर सगळं कळलं होतं. ती रडली आणि म्हणाली, ते अकरा फोटो पुसून टाक. इन्शिराहनं पुसले नाहीत, पण लॅपटॉप कपड्यांच्या कपाटात ठेवला, चादरींच्या खाली.

मार्चच्या शेवटी शौकी, ती आणि मी मीत शरीफला गेलो. मन्सूरापर्यंत गाडी, पुढे टमटम. कालव्याकाठी कापसाची पेरणी चालली होती. शाळा पाडून तीन मजली बांधली होती. शौकीला काही ओळखू येईना, तो दर वळणावर "इथे तुतीचं झाड होतं" म्हणत होता. शेवटी एका दुकानदारानं आम्हाला हाज्जा बदीआकडे पोचवलं. जागा देणाऱ्या त्या बाईची ही मुलगी, आता सत्तरीची, गुडघ्यांनी अधू, आवाज मात्र शेतात हाक मारायचा.

तिनं इन्शिराहकडे बघितलं. "तू तफीदाची."

"हो."

"धाकटी."

दोन बहिणींतली धाकटी असं आजवर तिला कुणी म्हटलं नव्हतं. ती दारातच उभी राहिली.

"ये की आत. तुझी आई यायची तेव्हा याच पायरीवर बसायची. यंदा कशी नाही आली, म्हणून चार वर्षं मी विचारतेय. मग म्हटलं, गेली असणार."

"आई इथे यायची?"

"दर वर्षी. थंडी सुरू झाली की. तुम्हाला सांगायची, मन्सूराला डोळे दाखवायला जाते." हाज्जा बदीआ हसली. "तिचे डोळे माझ्यापेक्षा चांगले होते."

शौकीनं मान खाली घातली. डोळ्यांच्या डॉक्टरसाठी दर वर्षी तोच तिला बसपर्यंत सोडायला जायचा.

गावाबाहेर थडगी होती, मातीच्या विटांची, चुना फासलेली, कमानीच्या पाठीसारखी. नाव एकावरही नाही. हाज्जा बदीआनं काठीनं एक दाखवलं. आमची सगळी इथेच, म्हणाली, माझी आई, दोन भाऊ, आणि भिंतीकडच्या बाजूला तुमची. आम्ही फातिहा म्हटली. शौकीला ती पुरी करता आली नाही.

इन्शिराहनं विचारलं, "आई इथे येऊन काय करायची?"

"बोलायची."

"काय?"

"तुझंच. तू चालायला लागलीस, तू पहिली आलीस, तुला काचेच्या नळ्यांची नोकरी लागली. मी इथे गवत काढत असायचे, सगळं कानावर यायचं. तुझी सासू कशी छळते तेही. त्या दिवशी फार रडली. म्हणाली, 'तुझी वर्षं तिच्या अंगावर घातली गं मी, आणि आता ती तिला टोचतात, आणि मला सांगता येत नाही.'"

इन्शिराह खाली बसली, तशीच, धुळीत.

"तिला दोघी माहीत होत्या," ती म्हणाली.

"माहीत नसायला काय झालं? आई होती ती. एकीला एकीचं सांगायची. हिचं तुला काही सांगायची नाही?"

"नाही."

"मग तिनं अर्धंच केलं," हाज्जा बदीआ म्हणाली आणि उन्हात उभं राहवत नाही म्हणून काठी टेकत परत फिरली.

परतताना मन्सूराच्या थांब्यावर शौकीनं तिघांना फिसीख, म्हणजे खारवलेला मासा, घातलेल्या भाकऱ्या आणल्या. इन्शिराहनं आपली सगळी खाल्ली, दोन महिन्यांत पहिल्यांदा. मग म्हणाली, "एक गोष्ट मला झोपू देणार नाही. माझं सगळं तिला सांगितलं जात होतं. परीक्षा, लग्न, हिल्मीचं आजारपण. मी एकटी रडायचे तेव्हा वाटायचं, कुणाला काही कळत नाही. आणि ती तिथे भिंतीकडे पडून ऐकत होती."

"वाईट आहे का ते?" मी विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "मला वाईटही वाटतंय आणि बरंही वाटतंय. तुम्ही अरबी शिकवलंत, तुम्ही शब्द सांगा."

खटला तिनं केला नाही. कागद आहेत तसे आहेत. डिसेंबरमध्ये शाळेत तिच्या कागदावरच्या वाढदिवसाचा केक येतो, ती कापते, पहिला तुकडा मात्र आता खात नाही, शिपाईणीला देते. ऑक्टोबरमध्ये पोरींना बुटाची गोष्ट सांगितली का, ते मी विचारलं नाही.

लॅपटॉप तिनं उन्हाळ्यात बाहेर काढला आणि उरलेले फोटो पुरे केले. पहिलीच्या समुद्रावरच्या फोटोवर एक पांढरा ओरखडा होता, गालावरून गेलेला. तो दुरुस्त करून मोठा छापून घ्यायला आम्ही बाजारातल्या एका दुकानात गेलो. दुकानदार तरुण, बोलका. पडद्यावर चेहरा मोठा करून त्यानं एकदा मुलीकडे बघितलं, एकदा इन्शिराहकडे.

"डोळे तेच आहेत, हाज्जा. किती वर्षांच्या होता तुम्ही?"

"मी नाही," इन्शिराह म्हणाली. "माझी थोरली बहीण."

तिचा आवाज अगदी साधा होता. दुकानदार ओरखडा पुसायला लागला. ती मात्र वळून रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली आणि डोक्यावरच्या ओढणीचं टोक दातांत धरलं.

फोटो तिनं बैठकीत लावला, तफीदाच्या फोटोशेजारी. आठवड्यानं मी गेले तर तो समोरच्या भिंतीवर होता. मी विचारलं, का हलवला? म्हणाली, "दुपारी सज्ज्याकडून ऊन आलं की काचेत माझं तोंड तिच्या तोंडावर येऊन बसायचं. दोन्ही हलायची." चहा ठेवायला ती आत गेली. तेवढ्यात माझं लक्ष गेलं, ती स्वयंपाकघरात कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती: आज शाळेत काय झालं, कुठल्या पोरीनं आम्ल सांडलं, बाजारात बोरी मासा कसा महाग झालाय. फोन टेबलावर माझ्यासमोर पडला होता. मी तिला हाक मारली नाही. चहा आला तो तिनं तीन पेल्यांत ओतलेला होता. एक पेला तिनं उचलून परत आत नेला, आणि आम्ही दोघींनी आपापला घेतला.